सोनं पारखतो, संस्था का नाही?



आमचं घर सराफ्याच्या मागच्या गल्लीत. चार वर्षांपूर्वी मुलाच्या फीसाठी बांगड्या मोडायला गेले, तेव्हा सराफानं त्या कसोटीवर घासल्या, वजन केलं, मगच पैसे मोजले. तेच पैसे मी बाहेरगावच्या एका संस्थेत एकही प्रश्न न विचारता भरून आले. मुलाला विमान देखभालीचं शिक्षण घ्यायचं होतं. ‘कोर्स झाला की लायसन्स,’ असं तिथं सांगितलं होतं.

कोर्स झाला, प्रमाणपत्र आलं. लायसन्स नाही.

मग कळलं, की ते कुठलीच संस्था देत नाही. देतं ते डीजीसीए, म्हणजे केंद्र सरकारचं नागरी विमान वाहतूक महासंचालनालय. प्रत्येक मॉड्यूलची परीक्षा वेगळी, पास व्हायला ७५ टक्के. शिवाय चालू विमानांवर प्रत्यक्ष काम केल्याचा अनुभव लागतो. बी-१ म्हणजे इंजिन व सांगाडा, बी-२ म्हणजे विमानातली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा. या लायसन्ससाठी सीएआर-१४७ खालच्या मान्य कोर्सनंतर २ वर्षांचा अनुभव पुरतो. आधीचं कुठलंच तांत्रिक शिक्षण नसेल, तर ५ वर्षं.

परीक्षा कठीण आहे, ही माझी तक्रार नाही. ती कठीणच हवी. विमानाला हात पुष्कळांचे लागतात, पण ‘हे उडायला योग्य आहे’ अशी सही लायसन्सवाला करतो. त्या सहीच्या भरवशावर आपण लेकरं घेऊन विमानात बसतो.

तक्रार आहे ती आपल्या न विचारण्याची. नर्सिंग किंवा शिक्षकीबद्दल विचारायचं, तर मंडळीत कुणी ना कुणी मावशी, काका सापडतात. या कामाची माहिती असणारं आमच्या ओळखीत कुणी नव्हतं. म्हणून गहाण-कर्ज करण्याआधी एवढं विचाराच: संस्थेचं नाव डीजीसीएच्या मान्यता यादीत आहे का, आणि कोणत्या श्रेणीसाठी? प्रत्यक्ष काम कुठं, कोणत्या विमानांवर मिळेल, हे लिहून देणार का? मागच्या तुकड्यांतल्या किती जणांच्या हातात आज लायसन्स आहे? उत्तर गोलमोल आलं, तर सरळ घरी परत या.

मंडळ्यांनी शिक्षणासाठी मदत देतानाही हेच विचारावं. आणि आपल्यात किंवा शेजारीपाजारी कुणी लायसन्सधारक असतील, तर त्यांनी एखाद्या रविवारी उपासनेनंतर तासभर मुलांशी बोलावं. मुलं कुठल्या धर्माची, हे बघू नये.

माझा मुलगा सध्या हँगरमध्ये हेल्पर आहे. रात्रपाळी करून दिवसा अभ्यास करतो, तीन पेपर राहिलेत. इकडे सराफ्यात रात्री भुट्ट्याच्या किसाचा वास येतो, लोकांची गर्दी असते, तेव्हा तो कुठल्यातरी विमानाखाली टॉर्च धरून उभा असतो. तो लायसन्स मिळवेल, अशी आशा आहे. बांगड्यांचं दुःख नाही. त्याची वर्षं गेली, त्याचं आहे.

– एक आई, सराफा, इंदूर