पथ्य एकाचे की घराचे?



दादींचा रक्तदाब वाढला आहे असे डॉक्टरांनी सांगितले, की त्या दिवसापासून स्वयंपाकघरात एक छोटे पातेले वेगळे होते. मोठ्या पातेल्यातले सालन सगळ्यांचे. छोट्या पातेल्यातले बिनमिठाचे, बिनतेलाचे सालन एकट्या दादींचे. चार दिवस दादी ते मुकाट्याने खातात. पाचव्या दिवशी त्या नातवाच्या ताटातला पापड हळूच उचलतात. मग घरातला प्रत्येक जण त्यांना सांगू लागतो, "दादी, परहेज करा!" सांगणाऱ्यांच्या हातातही पापडच असतो.

मला यात दादींचा दोष दिसत नाही. मला ते छोटे पातेलेच पटत नाही. उर्दूत ज्याला परहेज म्हणतात त्याला मराठीत पथ्य म्हणतात. दोन्ही भाषांत हा शब्द आपण आजारी माणसासाठी राखून ठेवला आहे. पण रक्तदाबाचे पथ्य एका माणसाला लावून भागत नाही, ते घराच्या मोठ्या पातेल्याला लावावे लागते, असे माझे मत आहे. ते का, हे तुम्हांला सांगते. मी भाषेची शिक्षिका आहे, डॉक्टर नाही. तरी यातल्या बऱ्याच गोष्टी समजायला साधे गणित पुरते.

आधी एक शब्द नीट करू. "अब्बांना बीपी आहे" असे आपण म्हणतो. खरे तर बीपी, म्हणजे रक्तदाब, प्रत्येकालाच असतो. तुम्हांलाही आहे. हृदय रक्त पुढे ढकलते तेव्हा रक्तवाहिन्यांच्या आतल्या बाजूवर जो दाब पडतो, तो रक्तदाब. हृदय आकुंचन पावते तेव्हाचा आकडा मोठा आणि ते सैल होते तेव्हाचा लहान, म्हणून डॉक्टर दोन आकडे सांगतात. प्रौढ माणसाचा रक्तदाब १२० आणि ८० च्या खाली असणे चांगले. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही तो १४० आणि ९० किंवा त्याहून जास्त येत असेल, तर त्याला उच्च रक्तदाब म्हणतात.

या विकाराची मोठी अडचण अशी की तो दुखत नाही. दात दुखला की माणूस रात्रीच दवाखाना शोधतो. रक्तदाब मात्र वर्षानुवर्षे वाढलेला असतो आणि माणूस मजेत हिंडत असतो. एके दिवशी ज्याला आपल्या घरांत फालिज म्हणतात तो पक्षाघात होतो, किंवा हृदयविकाराचा झटका येतो, किंवा मूत्रपिंडे निकामी होत असल्याचे कळते. २०१९ साली जगात ३० ते ७९ वर्षे वयाच्या सुमारे १२८ कोटी लोकांना उच्च रक्तदाब होता, आणि त्यांपैकी निम्म्याच्या जवळपास लोकांना ते ठाऊकच नव्हते. आपल्या देशात २०१९ ते २०२१ या काळात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली. तिच्यात १५ वर्षांवरील दर शंभर स्त्रियांपैकी २१ आणि दर शंभर पुरुषांपैकी २४ जण असे निघाले, की त्यांचा रक्तदाब वाढलेला होता किंवा तो काबूत ठेवण्यासाठी ते गोळ्या घेत होते. आता तुमच्या गल्लीतल्या मोठ्या माणसांची मनात मोजणी करून पाहा. छोटे पातेले फक्त एका घरात आहे, पण वाढलेला दाब अनेक घरांत लपलेला असणार.

म्हणजे ज्या दिवशी दादींचे पथ्य सुरू झाले, त्या दिवशी अब्बांचा, चाचांचा रक्तदाब किती होता हे कोणी पाहिले होते? बहुधा नाही. आणि हे सगळे एकाच पातेल्यातले जेवत आले आहेत.

रक्तदाब वाढण्याची सगळी कारणे आपल्या हातात नाहीत. वय वाढते, आईवडिलांकडून काही गोष्टी रक्तातच येतात. ती कारणे सोडून देऊ. हातातली कारणे थोडी आहेत आणि ती रोजच्या ओळखीची आहेत : जास्त मीठ, जास्त वजन, बसून राहणे, तंबाखू आणि दारू. भाज्या आणि फळे ताटात कमी असणे हेही त्यांतलेच.

वजनाविषयी आपली मराठी भाषाच थोडी लबाडी करते. एखाद्याचे पोट सुटले की लोक कौतुकाने म्हणतात, "खात्यापित्या घरचा दिसतो!" ज्या काळी पोटभर अन्न मिळणे हेच भाग्य होते त्या काळची ही बोली आहे. आज तिचा अर्थ बदलला आहे. त्याच राष्ट्रीय पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी २४ जणींचे वजन उंचीच्या मानाने जास्त भरले, पुरुषांत हे प्रमाण सुमारे २३ होते. शरीर वाढले की हृदयाला अधिक रक्त ढकलावे लागते, आणि पोटातली चरबी वाढली की मूत्रपिंडे मीठ आणि पाणी शरीरात धरून ठेवू लागतात. दाब वाढतो तो असा. यासाठी वजनकाटाही लागत नाही. शिंप्याची टेप पुरते. भारतीय पुरुषाच्या पोटाचा घेर ९० सेंटिमीटर आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटर यांच्या पुढे गेला, की जागे व्हावे. उलट बाजूही ऐका. वजन एक किलो उतरले की वरचा आकडा साधारण एकाने उतरतो असे आढळले आहे. पाच किलो म्हणजे पाच. दिसायला थोडे, पण जन्मभर टिकले तर थोडे नाही.

आता मिठाकडे येऊ, कारण पातेल्याचा खरा वाद मिठाचाच आहे.

प्रौढ माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ५ ग्रॅम म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. तेवढ्यात सकाळच्या खारीपासून रात्रीच्या लोणच्यापर्यंत सगळे आले. लोकांना वाटते, मीठ म्हणजे सालनात टाकतो तेवढेच. पण पापड, लोणचे, फरसाण, शेव, वेफर्स, सुकट, पाकिटातल्या शेवया आणि त्यांच्यासोबत येणारी मसाल्याची पुडी, यांतले मीठ कोणी मोजत नाही. पावात आणि बिस्किटातही ते असते, फक्त जिभेला कळत नाही. पापडात मिठाबरोबर पापडखारही पडतो, आणि त्यातही सोडियम असतेच. मिठातला दाब वाढवणारा भाग सोडियम हाच. पाकिटावर सोडियमचा आकडा छापलेला असतो. त्याला अडीचने गुणले की मिठाचा आकडा मिळतो. हे गुणाकार तुम्ही दुकानात उभ्या उभ्या करू शकता, आणि तुमच्या मोठ्यांपैकी कोणीही करत नाही. काहीजण सैंधव आणतात आणि निर्धास्त होतात. सैंधव हेही मीठच आहे, रंग थोडा वेगळा इतकेच. बाजारात कमी सोडियमचे मीठ मिळते. त्यात सोडियमऐवजी थोडे पोटॅशियम घातलेले असते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्याने मात्र ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये.

"पण मग जेवणाला चव कशी राहील? आणि ज्यांना आजार नाही त्यांनी का सोसावे?" हा प्रश्न तुमच्या घरातून येईल. तो योग्य प्रश्न आहे. त्याचे उत्तर २००१ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासातून मिळते. ४१२ माणसांना तयार जेवण देण्यात आले. मिठाची तीन प्रमाणे ठरवली होती : जास्त, मध्यम आणि कमी. प्रत्येक प्रमाणाचे जेवण त्यांनी ३० दिवस खाल्ले. मीठ जसे उतरत गेले तसा रक्तदाब उतरत गेला. ज्यांना उच्च रक्तदाब होता त्यांचा अधिक उतरला, पण ज्यांना तो नव्हता त्यांचाही उतरला. म्हणजे मोठ्या पातेल्यात कमी झालेले मीठ दादींनाही लाभते आणि अजून ज्यांचे नाव डॉक्टरांच्या वहीत चढलेले नाही त्यांनाही.

चवीचे म्हणाल तर जीभ ही सवयीची गुलाम आहे. मीठ एकदम काढले तर ती बंड करते. दर आठवड्याला चिमूटभर कमी करत गेले तर काही आठवड्यांत तिला नवे प्रमाण बरोबर वाटू लागते, आणि पूर्वीचे सालन खारट लागते. लिंबू, कोथिंबीर, आले, लसूण, भाजलेले जिरे, चिंच ही मंडळी मिठाची उणीव बरीच भरून काढतात. ज्या घरात छोटे पातेले आहे तिथे मात्र जिभेला ही सवय लागतच नाही. शेजारी मोठ्या पातेल्याचा वास दरवळत असतो.

तेलाची गोष्ट थोडी वेगळी, कारण तिच्यात अब्रू गुंतलेली आहे. पाहुण्यापुढे ठेवलेल्या सालनावर तेलाची तर्री तरंगली नाही, तर यजमान कंजूष ठरतो. पाहुण्याचा आदर आपल्या घरांत मोठा मानतात, तो असावाच. पण तो तेलाच्या थराने का मोजावा? आपल्याला लहानपणापासून इस्राफ, म्हणजे उधळपट्टी, करू नये असे शिकवले जाते. ही शिकवण पैशाला लावतो तशी ती कढईलाही लावावी. रमजानच्या महिन्यात तर दिवसभराच्या रोज्यानंतर भजी, समोसे आणि साखरेचे सरबत यांनीच दस्तरखान भरते, आणि खजूर व फळे कोपऱ्यात जातात. ईद झाल्यावर अनेकांचे वजन वाढलेले निघते ते काही रोज्यांमुळे नव्हे.

आतापर्यंत मी दादींविषयी बोलले. पण समजा, रक्तदाब अम्मींचा वाढला तर? मी पाहिले आहे की मग छोटे पातेलेही निघत नाही. स्वतःसाठी वेगळे शिजवायला अम्मींना सवडही नसते आणि मनही होत नाही. त्या सगळ्यांना आवडते तसेच सालन करतात, सगळ्यांना वाढतात, शेवटी बसतात आणि पातेल्याच्या तळाशी राहिलेली तर्री पोळीने पुसून खातात, कारण अन्न वाया घालवायचे नसते. डॉक्टरांनी चालायला सांगितलेले असते. प्रौढांनी आठवड्यात निदान १५० मिनिटे दमदार चालावे, म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास. पण अम्मींनी चालायचे कुठे आणि कोणासोबत, हे कोणी ठरवत नाही. "घरकामात व्यायाम होतोच की," असे अब्बा म्हणतात. होतो थोडा, पण ओट्यापुढे उभे राहणे म्हणजे चालणे नव्हे. ज्या घरात मोठी मुलगी किंवा मुलगा फज्रच्या नमाजानंतर अम्मींना सोबत घेऊन बाहेर पडतो, तिथे हा प्रश्न सुटतो. अम्मींचे पथ्य त्यांच्या एकटीच्या हातात मुळी नसतेच. वाचकांमधल्या मुलांना मी हे मुद्दाम सांगते आहे. जेवताना "मीठ कमी आहे" अशी पहिली तक्रार बहुतेक घरांत तुमचीच असते.

एक घर बदलेलही, पण सगळी वस्ती कशी बदलणार, असे तुम्ही विचाराल. युरोपात फिनलंड देशाच्या पूर्वेला नॉर्थ करेलिया नावाचा भाग आहे. तिथले कर्ते पुरुष हृदयविकाराने इतके मरत होते की १९७१ साली तिथल्या लोकांनी सरकारकडे मदत मागितली. १९७२ साली काम सुरू झाले. पेक्का पुस्का नावाचा तरुण डॉक्टर त्याचा प्रमुख होता. त्याने केवळ रुग्णांना वेगळे काढून उपदेश केला नाही. गावागावांतल्या गृहिणींची एक संघटना होती, तिला हाताशी धरले. त्या बायकांनी संध्याकाळच्या मेजवान्या भरवल्या, नेहमीचेच पदार्थ कमी लोण्यात आणि कमी मिठात करून शेजाऱ्यांना खाऊ घातले. कारखानदारांनाही चरबी आणि मीठ कमी करायला राजी केले. सिगारेटविरुद्धही मोहीम चालवली. पुढे हे काम साऱ्या देशात पसरले. देशातले मिठाचे खाणे सुमारे एक तृतीयांशाने घटले, आणि चाळीस वर्षांत त्या भागातल्या कर्त्या पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक कमी झाले. तिथली थंडी आणि तिथले लोणी आपले नाही. पण शेजारणीच्या हातचे खाऊन पटते, डॉक्टरांच्या कागदावरून पटत नाही, हे तिथल्याइतकेच इथेही खरे आहे.

एक गोष्ट विसरू नका. पातेले बदलले म्हणून डॉक्टरांनी दिलेली गोळी कोणी स्वतःच्या मनाने बंद करू नये. "बरे वाटते, मग गोळी कशाला?" असे पुष्कळ लोक म्हणतात. हा विकार दुखत नाही, हे वर सांगितलेच आहे. गोळी कमी करायची की नाही, हे यंत्राने मोजून डॉक्टरच ठरवतील. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी दंडाला तो पट्टा बांधून घ्यावा. सरकारी आरोग्य केंद्रात ते काम पाच मिनिटांचे आहे.

आता एक घरचा अभ्यास. मिठाची एक किलोची नवी पिशवी आणली की तिच्यावर पेनाने तारीख लिहा. घरात सहा माणसे असतील तर प्रत्येकी ५ ग्रॅमप्रमाणे दिवसाला जास्तीत जास्त ३० ग्रॅम, म्हणजे पिशवी निदान ३३ दिवस जायला हवी. लहान भावंडांना तर मोठ्यांहून कमीच मीठ हवे. पिशवी संपली की दिवस मोजा. बिर्याणीच्या तांदळाचे खारे पाणी आपण ओतून देतो, मांस आणि मासळी धुतानाही मीठ जाते, ते अंदाजाने वजा करा. पाव, पापड आणि फरसाण यांतले मीठ या पिशवीत नाही, ते वेगळे लिहा. हिशेबाचा कागद स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावा, आणि जेवायच्या वेळी तो अब्बांना वाचून दाखवा.