फाल्गुनातले पान, ज्येष्ठातली बुरशी

माघ सरत आला की पुण्या-मुंबईतल्या वर्षावृक्षांखाली, शाळांच्या मैदानांच्या कडेला आणि सोसायट्यांच्या कंपाउंडलगत पाचोळ्याचे ढीग लागू लागतात. सकाळी झाडलोट होते, कोणीतरी काडी लावते आणि दुपारपर्यंत राख उरते. याच दिवसांत पश्चिम महाराष्ट्रात तुटून गेलेल्या उसाच्या फडांतून पाचटाचा धूर उठत असतो. जळते तो कचराच, असे शहराने आणि गावाने सारखेच गृहीत धरले आहे. या गैरसमजाची किंमत दरवर्षी जमीन मोजते. पान झाडावर कसे जगते, कसे म्हातारे होते आणि जन्मापासून कोणाच्या सोबतीत असते, हे पाहिले तर ती काडी लावताना हात थांबायला हवा.

कोवळे पान सुरुवातीला झाडाला काही देत नाही, उलट घेते. साधारण निम्म्या आकाराचे होईपर्यंत ते जुन्या पानांनी तयार केलेल्या साखरेवर वाढते आणि मग हळूहळू स्वतः साखर पुरवू लागते. हाच काळ त्याच्यासाठी सर्वांत धोक्याचा. कोकणातल्या आंबा बागायतदाराला हे वेगळे सांगावे लागत नाही. तांबूस, लोंबती पालवी फुटली आणि हवा दमट राहिली की करप्याची बुरशी तिच्यावर तुटून पडते. तेच पान जून झाले, जाड आणि गर्द हिरवे झाले की करप्याचे फारसे चालत नाही.

चालत नाही, पण ती बुरशी निघूनही जात नाही. आंब्याच्या कोवळ्या फळात शिरलेला करपा महिनोन् महिने गप्प बसून राहतो. फळाच्या सालीत बुरशीला रोखणारी द्रव्ये असतात आणि फळ पिकू लागले की ती कमी होतात. म्हणून झाडावर निर्मळ दिसणाऱ्या हापूसवर आढीत गेल्यावर काळे डाग उमटतात. वनस्पती आणि बुरशी यांच्या संबंधात वयाला किती महत्त्व आहे, हे आढीइतके स्पष्ट क्वचितच दिसते.

पानाच्या आत अशा गप्प बसलेल्या बुरश्या किती असाव्यात? पनामातल्या बॅरो कोलोरॅडो बेटावर एलिझाबेथ अर्नोल्ड आणि सहकाऱ्यांनी दोन जातींच्या झाडांची 83 पाने तपासली. पाने वरून निरोगी दिसत होती. त्यांतून एकमेकींपासून वेगळ्या दिसणाऱ्या 418 प्रकारच्या बुरश्या निघाल्या. हे काम 2000 साली प्रसिद्ध झाले. तिथले कोवळे पान जवळजवळ बुरशीविरहित जन्मते. पावसाबरोबर आणि वाऱ्याबरोबर आलेले बीजाणू काही आठवड्यांत त्यात घर करतात. पुढे 2003 मध्ये याच गटाने कोकोच्या झाडावर दाखवून दिले की, अशा अंतर्वासी बुरश्या असलेल्या पानांचे रोगाने होणारे नुकसान कमी राहते. बुरशी म्हटले की फवारणीचा पंप आठवणाऱ्या आपल्या शेतीने या निष्कर्षाची जितकी दखल घ्यायला हवी होती, तितकी घेतलेली नाही.

पानाचे म्हातारपण ही झाडाने शिस्तीत चालवलेली प्रक्रिया असते. घर बदलताना भांडीकुंडी आधी हलवावीत, तसे झाड पानातले किमती द्रव्य आधी काढून घेते. हरितद्रव्य मोडते, प्रथिने सुटी होतात, नत्र आणि स्फुरद फांदीत परततात. जगभरातल्या मोजमापांची सरासरी पाहिली तर गळण्याआधी यांतले साधारण निम्मे किंवा त्याहून थोडे अधिक परत घेतले जाते. कॅल्शियम मात्र जागचे हलत नाही. शेवटी देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ थर सैल होतो आणि वाऱ्याच्या झुळकीने पान सुटते. म्हणजे उरलेले निम्मे नत्र आणि निम्मे स्फुरद, बहुतेक सगळे कॅल्शियम आणि भरपूर कर्ब घेऊन ते जमिनीवर येते.

ही आवराआवर थांबवण्याची ताकदही बुरशीत आहे. तांबेरा किंवा भुरी लागलेले पान पिवळे पडू लागले की कधीकधी रोगाच्या ठिपक्याभोवतीच हिरवे वर्तुळ टिकून राहते. पान उजेडात धरले तर पिवळ्या पडद्यावर हिरवी बेटे उठून दिसतात. तांबेऱ्याला आणि भुरीला जिवंत पेशीच लागते, ती मेली की त्यांचे अन्न संपते. त्यामुळे आपल्यापुरता भाग तरुण ठेवण्यात त्यांचा स्वार्थ असतो. या बेटांमागे सायटोकायनिन गटातल्या संप्रेरकांचा हात असल्याचे मानले जाते. याच गटातल्या कायनेटिनमुळे तोडलेले पानही हिरवे राहते, हे रिचमंड आणि लँग यांनी 1957 साली दाखवले होते. याउलट भुईमुगावरचा टिक्का पेशी मारून खातो आणि आधी खालच्या, वयस्क पानांवर दिसतो. कोणत्या बुरशीला कोणत्या वयाचे पान हवे, हे इतके ठरलेले असते.

पान गळल्यावर आत गप्प बसलेल्यांपैकी काही बुरश्या पहिल्यांदा कामाला लागतात. त्या आधीपासून आतच असल्याने त्यांना बाहेरून वाट काढावी लागत नाही. मागून इतर येतात. पानाला ताठ ठेवणारे लिग्निन पूर्णपणे मोडण्याचे काम मुख्यतः पांढरी कूज करणाऱ्या बुरश्याच करू शकतात. देवराईत श्रावणात पाचोळ्याचा वरचा थर हाताने बाजूला सारला की हे काम उघड दिसते. वरची पाने सुटी आणि तपकिरी असतात. त्याखालची एकमेकांना चिकटलेली, त्यांच्यामधून पांढरे तंतू गेलेले. काहींवर शाईने आखल्यासारख्या काळ्या रेषा, म्हणजे दोन बुरश्यांनी आपापल्या हद्दीवर घातलेले कुंपण. आणखी खाली नुसत्या शिरांची जाळी उरते आणि त्याखाली काळी, भुसभुशीत माती. अनेक देवरायांत पडलेले पानही बाहेर न्यायचे नाही असा दंडक असतो. तिथली माती अशी का, याचे मोठे कारण हेच आहे.

आता पंचांग पाहावे. आपली पानगळ कोरड्या दिवसांत होते. साग, पळस, काटेसावर, वर्षावृक्ष आपली पाने हिवाळ्याच्या अखेरीस आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी टाकतात. बुरशीला ओल लागते आणि ओल येते ती ज्येष्ठात. मधले तीन-चार महिने पाचोळा करकरीत वाळून पडून राहतो. तो कुजत नाही, जागा अडवतो, आगीची भीती घालतो. लोकांना तो कचरा वाटतो तो नेमका याच काळात. काडी लावण्यामागे आळसापेक्षा हे अंतरच अधिक आहे, आणि हे अंतर पाण्याने भरून काढता येते. त्यासाठी फार पाणीही लागत नाही. भांडी धुतलेले किंवा प्रक्रिया केलेले सांडपाणी चालते.

कायदा पुरेसा स्पष्ट आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर 2016 मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर मनाई केली आणि साध्या प्रकरणात 5,000, तर मोठ्या प्रमाणावर जाळल्यास 25,000 रुपये भरपाई ठरवून दिली. त्याच वर्षीच्या घनकचरा नियमांनी उद्यानांतला पालापाचोळा शक्यतो उद्यानातच जिरवण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. तरीही धूर थांबत नाही, कारण झाडणाऱ्या सफाई कर्मचाऱ्याला रस्ता स्वच्छ करायला सांगितले जाते आणि पाने कुठे न्यायची हे मात्र कोणी सांगत नाही. दंडाची पावती त्याच्या हातात देणे अन्यायाचे आहे. पुण्यात ‘ब्राऊन लीफ’ या नागरिकांच्या उपक्रमाने एकाला नको असलेला पाचोळा तो हवा असलेल्या बागप्रेमींपर्यंत पोहोचवून दाखवला. नागरिकांना जे जमते ते महापालिकेला जमू नये, हे पटण्यासारखे नाही.

उसाचे गणित तर सरळ पैशाचे आहे. हेक्टरी साधारण 8 ते 10 टन पाचट निघते. त्यात अर्धा टक्का नत्र धरले तरी 40 ते 50 किलो होते, म्हणजे युरियाच्या 45 किलोच्या दोन गोण्यांइतके. पेटवल्यावर यातले बहुतेक नत्र आणि कर्ब धुरात जातात. शेतकऱ्याच्या अडचणी खऱ्या आहेत: पाचटात उंदीर-साप येतात, मजूर मिळत नाहीत, खोडव्याची मशागत अडते. शिवाय पाचटात कर्बाच्या मानाने नत्र फार कमी असते, त्यामुळे कुजवणाऱ्या बुरश्या आणि जिवाणू सुरुवातीला मातीतलेच नत्र उचलतात आणि खोडवा पिवळा पडतो. म्हणूनच पाचट कुट्टी करून किंवा सरीआड सरीत दाबून त्यावर थोडा युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजवणारे जिवाणू टाकण्याची शिफारस केली जाते. ती अनेकांनी यशस्वी केली आहे. कारखान्यांनी कुट्टीयंत्रे तोडणीच्या टोळीपाठोपाठ शेतात पोहोचवली, तर काडीची गरज उरणार नाही.

ही वाट नवीन नाही. होळकरांच्या इंदुरात 1924 ते 1931 या काळात अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी पऱ्हाटी, पालापाचोळा, शेण आणि गोठ्यातली मूत्रमिश्रित माती थरांनी रचून, भिजवून, उलटवून खत करण्याची पद्धत बसवली. दोघांचे पुस्तक 1931 साली निघाले आणि ‘इंदूर पद्धत’ जगभर गेली. पुढे हॉवर्ड पिकाच्या मुळांशी राहणाऱ्या बुरशीविषयी आग्रहाने लिहू लागले. खतावर पोसलेली माती आणि ती बुरशी यांच्या नात्यात त्यांना पिकाचे आरोग्य दिसत होते.

रोगट पानांचा प्रश्न वेगळा, आणि तो टाळून चालणार नाही. टिक्का किंवा करपा लागलेले अवशेष शेतात तसेच पसरू देणे धोक्याचे आहे. पण नीट रचलेल्या, ओल्या ढिगाचे तापमान 55 ते 60 अंशांवर काही दिवस टिकले तर बहुतेक रोगकारक मरतात. म्हणून अशी पाने ढिगाच्या मध्यात जावीत, कडेला नाही. भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा आणि फांद्या जाळण्याचा कोकणातला राबही या जाळपोळीच्या हिशेबात धरू नये. तो रोपवाटिकेच्या लहान तुकड्यापुरता, तण मारण्यासाठी असतो, आणि त्यावरची खरी हरकत ऐन-किंजळाच्या बेसुमार फांदीतोडीची आहे.

महापालिकांची अंदाजपत्रके नेमकी पानगळीच्या तोंडावर मांडली जातात. प्रत्येक प्रभागात जाळीचे चार-पाच पिंजरे, उन्हाळ्यात त्यांना आठवड्यातून दोनदा पाणी, शेणाचा पातळ काला आणि पावसाळ्यानंतर तयार खताचे त्याच प्रभागातल्या उद्यानांना वाटप, एवढी तरतूद त्यात बसते. झाडलोटीच्या ठेक्यात पाने कोणत्या पिंजऱ्यात टाकायची तो पत्ता लिहिलेला असावा.