मुख्यालय हलते, तेव्हा मागे काय राहते?



"बाबा, आमचं ऑफिस टेक्सासला चाललंय. जायचं की दुसरी नोकरी बघायची, ते लवकर ठरवायचंय." आपल्यापैकी ज्यांची मुले, भाचे-पुतणे अमेरिकेत आहेत, त्यांच्यातील काहींनी असा फोन घेतला असेल. मुले तिथे नसली तरी पुणे-बंगळूरकडून येणारे असे फोन आता नवे राहिलेले नाहीत. म्हणून या वेळी आपण एका मोटार कंपनीच्या स्थलांतराकडे जरा सविस्तर पाहू. घटना दूरदेशीची आहे, पण तिच्यातले प्रश्न बडोदेकरांना ओळखीचे वाटतील.

गेल्या वीस वर्षांत अनेक मोटार कंपन्यांनी आपली अमेरिकेतील मुख्य कार्यालये महाग राज्यांतून तुलनेने स्वस्त राज्यांत नेली. निस्सानने २००५ मध्ये घोषणा केली आणि पुढच्याच वर्षी लॉस एंजेलिसजवळचे गार्डेना सोडून टेनेसी गाठले. मर्सिडीज-बेंझने २०१५ मध्ये न्यू जर्सीतून जॉर्जियात, अटलांटाच्या परिसरात जाण्याचे जाहीर केले. मित्सुबिशीने २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाऐवजी टेनेसी निवडले. टेस्लाने तर २०२१ मध्ये पालो आल्टोहून आपले जागतिक मुख्यालयच टेक्सासातील ऑस्टिनला नेले. या सगळ्यांत अभ्यासण्यासारखे स्थलांतर मात्र टोयोटाचे आहे.

टोयोटाने १९५७ मध्ये अमेरिकेत विक्रीचे दुकान मांडले ते कॅलिफोर्नियात. जपानहून येणारी जहाजे लॉस एंजेलिस आणि लाँग बीच या बंदरांत लागत, त्यामुळे कार्यालयही तिथेच असणे सोयीचे होते. १९८२ पासून कंपनी टॉरन्स या शहरात स्थिरावली. २८ एप्रिल २०१४ रोजी उत्तर अमेरिकेतील प्रमुख जिम लेन्झ यांनी जाहीर केले की सगळा कारभार टेक्सासातील डॅलसजवळच्या प्लॅनो शहरात जाणार. सुमारे ४,००० पदे तिथे एकत्र यायची होती. त्यांतली जवळपास ३,००० टॉरन्समधली होती, उरलेली मुख्यतः केंटकीतील एर्लंगर आणि थोडी न्यूयॉर्कमधली. शंभर एकरांवर, सुमारे १०० कोटी डॉलर खर्चून नवी वास्तू उभी राहिली आणि २०१७ च्या जुलैत तिचे उद्घाटन झाले.

हे कशासाठी? पहिले उत्तर सगळे देतात, ते म्हणजे स्वस्ताई. टेक्सासात पगारावर राज्याचा आयकर नाही. कॅलिफोर्नियात त्याचा कमाल दर १३.३ टक्के आहे. तो फार मोठ्या उत्पन्नाला लागतो हे खरे, पण मध्यम पगारदारालाही राज्याचा कर चांगलाच जाणवतो. घरांचा फरक त्याहून मोठा होता. त्या काळी टॉरन्समधल्या एका साध्या घराच्या किमतीत प्लॅनोत जवळपास दोन घरे येत. त्यात टेक्सास राज्याने आपल्या उद्योग निधीतून ४ कोटी डॉलर देऊ केले. हिशेब केला तर एका पदामागे १०,००० डॉलर झाले. प्लॅनो शहराने दिलेल्या सवलती आणखी वेगळ्या.

दुसरे उत्तर कंपनीने दिले आणि ते केवळ सारवासारव म्हणून सोडून देता येणार नाही. टोयोटाचा विक्री विभाग कॅलिफोर्नियात होता, तर कारखाने आणि अभियांत्रिकीचा कारभार केंटकीतून चाले. पूर्वी गाड्या जहाजाने यायच्या, तेव्हा किनाऱ्यावर बसणे शहाणपणाचे होते. पण १९८८ पासून केंटकीत आणि २००६ पासून टेक्सासातील सॅन अँटोनियोत गाड्या तयार होऊ लागल्या. उलट कॅलिफोर्नियात जनरल मोटर्सबरोबर भागीदारीत चालवलेला फ्रीमाँटचा कारखाना २०१० मध्ये बंद झाला. कामाचा गुरुत्वमध्य सरकला होता, कार्यालय मात्र जुन्याच जागी होते. सगळ्यांना एका छताखाली आणायचे, तर कारखानेवाल्यांनी विक्रीवाल्यांच्या घरी जायचे की विक्रीवाल्यांनी कारखानेवाल्यांच्या? त्यापेक्षा दोघांनाही नवी अशी तिसरी जागा बरी, असा विचार झाला.

आम्हाला वाटते, दोन्ही उत्तरे खरी आहेत. घर हलवायचे हे एका कारणाने ठरते आणि कुठे हलवायचे हे दुसऱ्या कारणाने. सरकारे पैसे देतात ती या दुसऱ्या टप्प्यावर. केवळ स्वस्ताईच सगळे ठरवत असती, तर होंडाचे अमेरिकेतील मुख्यालय आजही त्याच टॉरन्समध्ये राहिले नसते, आणि किया, माझदा, ह्युंदाई यांची कार्यालयेही दक्षिण कॅलिफोर्नियात दिसली नसती.

आता माणसांकडे वळू. कंपनीच्या ताळेबंदात स्थलांतराचा खर्च असतो: सामान हलवणे, घर विकायला-घ्यायला मदत, टिकून राहणाऱ्याला जादा रक्कम. टोयोटाने हे सगळे दिले, तयारीसाठी वेळही दिला, आणि बहुसंख्य कर्मचारी प्लॅनोला गेले. निस्सानच्या वेळी चित्र उलटे होते. घोषणा आणि हलणे यांत वर्षभरही गेले नाही, आणि निम्म्याहून कमी लोक टेनेसीला गेले. वेळ मिळाला की माणूस घर, शाळा, जोडीदाराची नोकरी यांची जुळवाजुळव करू शकतो. घाई झाली की राजीनामा हाच सोपा मार्ग उरतो.

पण ताळेबंदात न येणारा खर्च मोठा असतो. घरात दोघे कमावते असतील, तर एकाचे कार्यालय हलते आणि दुसऱ्याचे जागीच राहते. दहावी-बारावीतला मुलगा शेवटच्या वर्षी शाळा बदलायला तयार नसतो. शेजारी राहणाऱ्या सासू-सासऱ्यांना सवलतीच्या पाकिटात जागा नसते. आणि स्वस्ताईही दिसते तेवढी सरळ नसते. टेक्सासात आयकर नाही, म्हणून सरकारी खर्चाचा मोठा भार मालमत्ता करावर पडतो. घर स्वस्त मिळाले तरी त्यावरचा वार्षिक कर कॅलिफोर्नियापेक्षा चढ्या दराने भरावा लागतो. शिवाय मोठ्या कंपन्या एकामागून एक येऊ लागल्या की स्वस्त गाव स्वस्त राहत नाही. डॅलसच्या उत्तरेकडच्या भागात घरांच्या किमती नंतरच्या काळात चांगल्याच चढल्या. आधी आलेल्याला स्वस्ताई मिळाली, मागाहून आलेल्याला आणि मूळच्या भाडेकरूला महागाई.

टॉरन्सचे काय झाले? शहर ओस पडले नाही. पण तिथे गेल्या काही पिढ्यांत मोठा जपानी समाज वसला होता. जपानी दुकाने, खाणावळी, मुलांसाठी भाषेचे वर्ग, सणांचे उत्सव, सगळे होते. टोयोटा गेल्यावर त्यातली काही कुटुंबेही गेली. २०१७ मध्येच मित्सुवा या जपानी किराणा दुकानांच्या साखळीने प्लॅनोत शाखा उघडली, हे आम्हाला फार बोलके वाटते. कंपनीपाठोपाठ तांदूळ आणि मिसो पोहोचले. मात्र टॉरन्समधला जपानी समाज संपला नाही, कारण तो एका कंपनीच्या आधाराने उभा राहिलेला नव्हता. टोयोटाच्या आधीपासून तिथे जपानी शेतकरी, माळी, दुकानदार होते आणि त्यांच्या संस्था होत्या.

इथे आपल्याला आपली कोठी आठवल्यावाचून राहत नाही. आपल्यातील पुष्कळ घराणी बडोद्यात आली ती एका मुख्यालयाच्या मागेच: गायकवाडांचे लष्कर, दरबार, कचेऱ्या, शाळा. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि राजधानीचा कारभार इथून उठला. १९६० मध्ये गुजरात राज्य झाले, तेव्हा राजधानी आधी अहमदाबादेत आणि पुढे गांधीनगरला गेली. कोठीची इमारत जागेवर राहिली, पुढे तिथे जिल्हाधिकारी कचेरी बसली, पण राज्याचे निर्णय आता तिथे होत नाहीत. सयाजीरावांच्या पुढाकाराने १९०८ मध्ये निघालेल्या बँक ऑफ बडोदाचेही तसेच आहे. प्रधान कार्यालय कागदोपत्री बडोद्यात, मोठा कारभार मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात. टेस्लाने २०२३ मध्ये अभियांत्रिकीचे मुख्यालय पुन्हा पालो आल्टोत जाहीर केले, तेव्हा बडोदेकराला त्यात नवल वाटायचे कारण नव्हते. पाटी एका गावी आणि टेबल दुसऱ्या गावी, हे आपण कधीपासून पाहत आहोत.

अगदी अलीकडचे उदाहरण हालोलचे. जनरल मोटर्सने एप्रिल २०१७ मध्ये तिथले उत्पादन थांबवले. कंपनीचा दुसरा कारखाना पुण्याजवळ तळेगावला होता, तोही २०२० च्या डिसेंबरात थंडावला. हालोलचा कारखाना चीनच्या साइक कंपनीने घेतला आणि २०१९ पासून तिथून एमजीच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. यंत्रे आणि शेड दुसऱ्याच्या हाती जाऊन पुन्हा चालू होतात. मधल्या दोन वर्षांत ज्या घराचा पगार थांबला, त्या घराला मात्र तेवढी वाट पाहता येत नाही.

तेव्हा या सगळ्यातून आम्ही काय घ्यायचे? कंपनीला दोष देणे सोपे आहे. पण कंपनी हिशेबाने येते आणि हिशेबानेच जाते. कालचा हिशेब बंदराजवळ राहा म्हणत होता, आजचा कारखान्याजवळ जा म्हणतो. आपणही आपला हिशेब तितक्याच थंड डोक्याने मांडायला हवा. मुलांकडून असा फोन आला, तर "पगार किती वाढणार?" एवढेच विचारून थांबू नये. निर्णयाला वेळ किती, जोडीदाराच्या कामाचे काय, घरभाडे आणि मालमत्ता कर धरून हाती किती उरणार, वर्ष-दोन वर्षांत नोकरी गेली तर त्या गावात दुसरी मिळेल का, आणि तिथे आपले म्हणावे असे कोण आहे? यातला शेवटचा प्रश्न भावनेचा वाटतो, पण आजारपणात आणि बाळंतपणात तोच सर्वांत व्यवहाराचा ठरतो.

मंडळालाही हीच गोष्ट लागू आहे. राजधानी गेली तरी बडोद्यात मराठी टिकली ती कचेरीमुळे नाही. वाचनालये, नाट्यप्रयोग, गणेशोत्सव, शाळा आणि वाङ्मय परिषद यांमुळे. म्हणूनच २०१८ मध्ये ९१ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथे भरू शकले. उद्या एखादी कंपनी इथून गेली तर काही घरे कमी होतील. एखादी नवी आली तर नाशिक-नागपूरची काही कुटुंबे बदली होऊन येतील, त्यांना इथे कोणी ओळखीचे नसेल. त्यांच्यापर्यंत पहिल्या महिन्यात पोहोचणे हे आपले काम आहे.

तुमच्या ओळखीत असे नव्याने आलेले कुटुंब असेल, तर मंडळाच्या कार्यालयात जरूर कळवा. आणि तुमच्या घरातले कोणी कार्यालयाबरोबर दुसऱ्या गावी गेले असेल, किंवा न जाता मागे राहिले असेल, तर तो अनुभव चार ओळींत लिहून पाठवा. पुढच्या माणसाला निर्णय घेताना त्याचा उपयोग होईल.