ऐकीव सल्ला आणि अंगणातली मोटार

मोबाईल घरोघरी आल्यापासून सल्ल्यांना तोटा राहिलेला नाही. गुडघेदुखीपासून सोयाबीनच्या फवारणीपर्यंत प्रत्येक विषयावर कोणीतरी पडद्यावर छातीठोक सांगत असतो. सांगणारा दूर असतो, पैसा व जीव मात्र ऐकणाराचा लागतो. म्हणून आमच्या कौंडण्यपुरात चाललेल्या एका खटाटोपाची हकीकत आम्ही या आठवड्यात वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आमच्या शेजारच्या आयटीआय झालेल्या मुलाने भंगारात निघालेली मारुती ८०० घेतली. तिचे ७९६ सीसीचे इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग व चाके काढून, एक इंची चौकोनी पाइपांच्या सांगाड्यावर तो दोन माणसांची उघडी मोटार जोडू लागला. हा छंद जुना आहे. इंग्लंडात १९५७ साली निघालेली लोटस सेव्हन सुट्या भागांतही विकली जाई. घरी जोडली की तिथला खरेदी कर वाचत असे. आपल्याकडे सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथे दत्तात्रय लोहार यांनी जुन्या सामानातून, सुमारे ६० हजार रुपयांत, किक मारून सुरू होणारी चारचाकी बनविली. डिसेंबर २०२१ मध्ये ती देशभर गाजली. उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती लोहार कुटुंबास मिळाली. हे पाहूनच आमच्या शेजाऱ्याला हुरूप आला.

सल्ल्यांविषयी आम्ही शंका काढली, तेव्हा तो म्हणाला, “काकाजी, लाखो लोकायनं पाह्यलं हाये, खोटं कसं राहीन?” आम्ही विचारले, “लाखांनी पाहिले, पण करून किती जणांनी पाहिले?” मग वहीत दोन रकाने पाडले : ‘सल्ला’ आणि ‘करून पाहिले’. नियम असा ठरला की, फसला तरी पाच-दहा रुपयेच जातील असा सल्ला आधी टाकाऊ तुकड्यावर करून पाहायचा. फसला तर जीव जाईल, असा सल्ला करून पाहायचाच नाही; जाणत्याला विचारायचा.

पहिला सल्ला : गंजलेले बोल्ट रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवले की नवे होतात. ठेवले. सकाळी गंज खरोखरच सुटला होता. पण त्यातले जे बोल्ट नुसते काढून ठेवले, त्यांवर लवकरच पुन्हा तांबूस झाक आली. जे सोड्याच्या पाण्यात धुऊन, कोरडे करून, तेल लावून ठेवले, ते स्वच्छ राहिले. म्हणजे सल्ला खरा, पण अर्धा. शिवाय गंजाने खाल्लेले आटे परत येत नाहीत. भार पेलणाऱ्या जागी डोक्यावर ८.८ हा आकडा असलेले नवेच बोल्ट घ्यावेत, असे गॅरेजवाल्याने सांगितले.

दुसरा सल्ला : बॅटरीच्या टर्मिनलवरचा पांढरा थर कोल्याने धुवा. थर गेला, पण चिकटपणा राहिला. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून दुसरे टर्मिनल धुतले, तर ते फसफसून स्वच्छ झाले. बॅटरीतल्या ॲसिडचा जोर सोडा मारतो, हे त्यामागचे कारण. मात्र बॅटरीची झाकणे पक्की बंद हवीत. सोडा आत जाता कामा नये. कोल्याची बाटली पोरांनी प्यायली!

तिसरा सल्ला : जितके घट्ट तितके पक्के. पान्याला लांब पाइप लावून एक टाकाऊ बोल्ट आवळला. तो आधी ढिला पडल्यासारखा वाटला आणि मग तुटला. बोल्ट आवळला की स्प्रिंगसारखा किंचित ताणला जातो व त्या ताणावरच धरून राहतो. मर्यादेपलीकडे ताणला की तो कायमचा लांबतो. म्हणून टॉर्क रेंच मागून आणला. चाकाचे नट एकाशेजारी एक न आवळता समोरासमोरचे आवळले.

आता न करून पाहिलेले सल्ले. ब्रेकमध्ये इंजिन ऑइलही चालते, असे एकजण सांगत होता. ब्रेकचे तेल वेगळ्या जातीचे असते. इंजिन ऑइलने ब्रेकमधली रबरे फुगतात आणि ब्रेक निकामी होतो. पेट्रोलची टाकी पाण्याने विसळून वेल्डिंग करा, असे दुसरा सांगत होता. रिकाम्या टाकीत वाफ उरते आणि ठिणगीने स्फोट होतो. या दोन्ही सल्ल्यांवर आम्ही लाल फुली मारली.

घरचे सल्लेही तपासावे लागले. मुलाची आई वेल्डिंगनंतर दुधाचा पेला घेऊन येई आणि डोळे चुरचुरले की कच्च्या बटाट्याच्या चकत्या ठेवी. दूध अंगी लागते, पण छातीत गेलेला धूर काढत नाही. जीआय पाइप जोडताना जस्ताचा धूर निघतो व काही तासांनी हुडहुडी भरून ताप येतो. त्यावर उपाय आधीच करावा लागतो : जोडाजवळचे जस्त घासून काढावे, मोकळ्या हवेत बसावे आणि धूर तोंडावर येऊ देऊ नये. डोळ्यांना वेल्डिंगची काळी काच हवी. तरीही दुखले तर डॉक्टरच गाठावा. कच्च्या बटाट्याने जंतू जाण्याचीच भीती. त्या माउलीने हे ऐकले, बटाटे भाजीत घातले आणि चांगली काच आणायला पैसे काढून दिले.

शेवटचा सल्ला सर्वांत महागात पडला असता : “गाडी बांधा, आरटीओत पासिंग होऊन जाते.” त्या भरवशावर ही माय बचत गटातून कर्ज उचलणार होती. आम्ही तिला थांबविले व अमरावतीला चौकशी केली. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे नोंदणीवाचून वाहन सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. १९८९ च्या केंद्रीय नियमांतील १२६ व्या नियमानुसार वाहनाचा नमुना पुण्याची एआरएआय किंवा अहिल्यानगरची व्हीआरडीई अशा मान्य संस्थेने तपासावा लागतो. कंपनीच्या मूळ रचनेत परस्पर बदल केलेल्या वाहनांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये निकाल दिला आहे. लोहारांचे कौतुक करतानाच महिंद्रांनीही, ही गाडी नियमात बसत नसल्याने अधिकारी आज ना उद्या ती थांबवतील, असे लिहिले होते. हे वाक्य मात्र कोणी पुढे पाठविले नाही.

“मंग एवढी मेहनत वाया गेली का, काकाजी?” मुलाने विचारले. आम्ही त्याच्यापुढे वही ठेवली. वेल्डिंग, ब्रेक, वायरिंग, सांगाड्याची मापे, सारे काम त्याच्या हाताखालून गेले आहे. गाडी शेताच्या बांधाआत चालेल, रस्त्यावर येणार नाही. कर्ज घेतले नाही. उरलेल्या पैशांत त्याने वेल्डिंग मशीन घेतले आहे आणि गावातल्या फाटकांची व वखरांची कामे त्याच्याकडे येऊ लागली आहेत.

वाचकहो, मुलांच्या हातचा मोबाईल काढून घ्या, असे आम्ही म्हणत नाही. दोन रकान्यांची वही मात्र घरात ठेवा. आणि सल्ला कर्जाचा, औषधाचा किंवा कायद्याचा असेल, तर रुपया खर्चण्याआधी एसटीने जाऊन संबंधित खिडकीवर विचारून या.