पुरानंतरचा अंक

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीच्या पुराने परंडा तालुक्यातली उभी पिकं नेलीच, कित्येक ठिकाणी मातीही खरवडून नेली. एरवी टँकरची वाट पाहणारा हा मुलूख! अशा वेळी ‘सार्वकालिक जीवन’ हा विषय म्हणजे भरल्या पोटाचं कीर्तन वाटेल, याची आम्हाला जाणीव आहे. तरीही तो घेतला. कारण पंचनामा, कर्ज आणि रब्बीच्या काळजीत प्रार्थनेला बसलेलं मनही सातबाऱ्यावरच फिरत राहतं.

या अंकात आम्ही पंडिता रमाबाईंकडे वळलो आहोत. स्वर्गाकडे नजर लावलेल्या या बाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या उपाशी मुली आणून केडगावला वसवल्या, तिथे विहिरी खणवल्या. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तरी मूळ हिब्रू-ग्रीकवरून चाललेलं बायबलचं भाषांतर त्यांनी सोडलं नाही. १९२२ मध्ये डोळे मिटण्याआधी ते पुरं केलं. परलोकाची आशा माणसाला संसारातून पळवते, हा आक्षेप त्यांच्यापुढे तरी टिकत नाही.

तुम्हाला काय वाटतं? नुकसानीच्या दिवसांत विश्वासाने धीर दिला की तोच डळमळला, मोकळेपणाने लिहा. डळमळल्याची पत्रं आम्ही आधी छापू.