बाळाची लघवी मोजतो, आईची विचारत नाही

दवाखान्यात बाळंतपण झाले की पुढच्या ४२ दिवसांत आशा कार्यकर्ती सहा वेळा घरी येते. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. नवजात बाळांचे मृत्यू कमी करण्यासाठी आखलेली ही चांगली योजना आहे. तिच्या हातातील फॉर्मवर आईसाठीही प्रश्न असतात: दिवसातून किती वेळा जेवलीस, पॅड किती बदलावे लागतात, ताप आहे का, दूध येते का. बाळाला दिवसभरात सहापेक्षा कमी वेळा लघवी होते का, हेही त्यात विचारलेले असते. पण खोकताना, शिंकताना, बाळाला उचलताना आईची लघवी निसटते का, हा प्रश्न त्या यादीत नाही.

हा प्रश्न किरकोळ नाही. बाळंतपणानंतर सुमारे एक तृतीयांश स्त्रियांना हा त्रास होतो, असे जगभरातील अभ्यास सांगतात. कारण शरीराच्या रचनेत आहे. ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी ताणलेली असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय तिच्यावर पेललेले असतात आणि लघवीचा मार्ग आवळून धरण्याचे कामही तीच करते. गरोदरपणात तिच्यावर महिनोन्महिने भार पडतो. प्रसूतीच्या वेळी ती कमालीची ताणली जाते. कळा देण्याचा काळ लांबला, बाळ मोठे असले किंवा चिमटा लावावा लागला, तर इजा अधिक होते. सिझेरियनमध्ये धोका कमी होतो, पण संपत नाही, कारण नऊ महिन्यांचा भार तिथेही पडलेलाच असतो.

बऱ्याच जणींचा त्रास पहिल्या काही महिन्यांत आपोआप कमी होतो. ज्यांचा होत नाही, त्या गप्प बसतात. ‘पोरं झाली की असं व्हायचंच’ हे वाक्य सासू, शेजारीण आणि कधी कधी डॉक्टरही ऐकवतात. मग पाणी पिणे कमी होते, लग्नकार्य आणि एसटीचा प्रवास टळतो. पाणी कमी केल्याने तर बद्धकोष्ठता वाढते आणि कुंथण्यामुळे त्याच स्नायूंवर पुन्हा ताण येतो.

ही शांतता महाराष्ट्राला नवी नाही. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतील दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते आणि त्याआधी कधीही स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के होत्या. तेव्हा दवाखाना दूर होता. आज राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार राज्यातील सुमारे ९५ टक्के बाळंतपणे दवाखान्यात होतात. बाई दवाखान्यापर्यंत पोहोचली आहे, प्रश्न अजून तिच्यापर्यंत पोहोचलेला नाही.

मग सगळ्याच बाळंतिणींना व्यायाम लावून द्यावेत का? इथे जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका पाहण्यासारखी आहे. मार्च २०२२ मधील बाळंतपणानंतरच्या देखभालीच्या शिफारशींत संघटनेने म्हटले, की निव्वळ प्रतिबंध म्हणून बाळंतपणानंतर सरसकट ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम सुरू करू नयेत. यावरून ‘व्यायाम निरुपयोगी’ असा अर्थ काढणे चूक आहे. त्याच शिफारशींत प्रत्येक भेटीत लघवी निसटते का, याची विचारपूस करायला सांगितले आहे. ज्यांना त्रास आहे, त्यांना व्यायामाच्या संभाव्य फायद्याची माहिती द्यावी, असेही म्हटले आहे.

पुराव्यांची दिशाही तीच आहे. २०२० च्या कॉक्रेन आढाव्यानुसार, त्रास नसलेल्या स्त्रियांनी गरोदरपणातच हे व्यायाम सुरू केले, तर बाळंतपणानंतर तीन ते सहा महिन्यांनी लघवी निसटण्याचा धोका सुमारे २९ टक्क्यांनी कमी राहतो. नुकत्याच बाळंत झालेल्यांवरच्या उपचारांचे पुरावे अजून पुरेसे ठाम नाहीत. मात्र खोकताना-शिंकताना लघवी निसटणाऱ्या सर्व वयांच्या स्त्रियांच्या २०१८ च्या आढाव्यात, व्यायाम करणाऱ्यांपैकी ५६ टक्के जणींनी त्रास बरा झाल्याचे सांगितले. न करणाऱ्यांत हे प्रमाण ६ टक्के होते. थोडक्यात, प्रतिबंधाची वेळ गरोदरपणाची आणि उपचाराची वेळ त्रास कळल्यानंतरची. आणि त्रास कळायचा, तर विचारावे लागते.

व्यायाम साधा आहे, पण नीट समजून घ्यावा लागतो. लघवी आणि वायू एकाच वेळी रोखायचा आहे, अशा रीतीने आतले स्नायू आवळून वर ओढायचे, काही सेकंद धरायचे, मग पूर्ण सैल सोडायचे. श्वास रोखायचा नाही. मांड्या, नितंब आणि पोट ताणायचे नाही. एका वेळी किमान आठदा, दिवसातून तीन वेळा, निदान तीन महिने, असे ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेचे मार्गदर्शन आहे. खोकला किंवा शिंक येताच आधी आवळावे, मग खोकावे. अनेक जणी नकळत वर ओढण्याऐवजी खाली जोर लावतात. म्हणून एकदा तरी जाणकार फिजिओथेरपिस्ट, परिचारिका किंवा डॉक्टरांकडून खात्री करून घ्यावी. पोट बांधल्याने या स्नायूंचा व्यायाम होत नाही.

काही लक्षणांत मात्र व्यायामावर विसंबू नये. लघवी रात्रंदिवस सतत झिरपत असेल, अजिबात होत नसेल, जळजळ किंवा ताप असेल, रक्त येत असेल किंवा अंग बाहेर येत असेल, तर लगेच तपासून घ्यायला हवे. अवघड बाळंतपणानंतर सतत झिरपणारी लघवी हे मूत्राशयाला छिद्र पडल्याचे लक्षण असू शकते.

जिथे सरकारी यंत्रणा विचारत नाही, तिथे बाजार विचारतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्येच, योनीमार्गावर लेसरसारखी उपकरणे वापरून लघवीच्या त्रासावर उपचार करण्याच्या दाव्यांविरुद्ध इशारा दिला होता: परिणामकारकता सिद्ध नाही आणि भाजणे, व्रण, वेदना यांचा धोका आहे. बाळंतपणानंतर काही महिन्यांतच अशा महागड्या उपचाराकडे वळण्याआधी, फुकटचा व्यायाम तीन महिने नीट झाला आहे का, हे पाहायला हवे.

सरकारला यासाठी नवी योजना नको. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर स्त्रियांची तपासणी होते. तिथे दहा मिनिटांत हा व्यायाम शिकवता येईल. आशांच्या फॉर्मवर एक ओळ वाढवता येईल. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात फिजिओथेरपिस्ट नसतो, हे खरे. म्हणून किमान एका परिचारिकेला हे प्रशिक्षण द्यावे लागेल आणि ‘हो’ म्हणणाऱ्या बाईला कुठे पाठवायचे, हेही ठरवावे लागेल. आशांवर आधीच कामाचा बोजा आहे, त्यामुळे वाढीव कामाचा मोबदलाही द्यायला हवा.

तोवर घरातही विचारता येते. बेचाळीस दिवस झाले की बाळाचे वजन सगळे विचारतात. त्याच वेळी आईला बाजूला घेऊन, ‘खोकताना काही त्रास होतो का गं?’ एवढे कोणीतरी विचारले, तरी तिची दवाखान्याची वाट सोपी होईल.