शास्त्र बाटलीत मावत नाही

मुलीची पाळी अनियमित झाली वा दीड दिवसातच थांबू लागली, की सुशिक्षित घरांतही आधी कुजबुज होते आणि मग जाहिरातीतली बाटली येते. ‘आयुर्वेदिक आहे, अपाय नाही’ या समजुतीला आयुर्वेदात आधार कोणता?

चरकाने शुद्ध आर्तवाची लक्षणे सांगितली : मासामासाने येणारे, दाह-वेदनारहित, पाच रात्री टिकणारे, अल्प नाही आणि अतिही नाही. वेळेवर न दिसणारे किंवा अल्प, वेदनायुक्त आर्तव म्हणजे सुश्रुताचा आर्तवक्षय. त्यावर शोधन आणि आग्नेय द्रव्ये सांगितली, तीही विधिपूर्वक. आधी रोगाची परीक्षा, मग औषध, हा क्रम चरकाचाच आहे. रुग्णेला न पाहता औषध विकणे ही परंपरा नव्हे, निव्वळ व्यापार आहे.

मासिक पाळीच्या विकारांवरील औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने मनाई आहे. तो मोडणारा आपल्या ऋषींचे नाव घेतो, म्हणून आपण मौन पाळायचे काय?

थायरॉइड, बीजकोशांचे विकार, रक्तक्षय यांची तपासणी करून घेणे हा आयुर्वेदद्रोह नव्हे. कन्येला संकोचाच्या आणि बाटलीच्या स्वाधीन करणे, हा मात्र निश्चित आहे. तिला वैद्यांकडे न्या.